सरोवराचे दोन काठ

“सिस्टर, तुमचे यजमान युगांडाचे नागरिक. केनियात राहायचा परवाना त्यांना मिळणार नाही,” परवाना कचेरीतले ओधियाम्बो साहेब मान खाली घालून म्हणाले.

मथुराबाई रेगे केनियातल्या किसुमूच्या इस्पितळात वीस वर्षं नर्स होत्या. त्यांचे यजमान रेगे पलीकडे युगांडात, कंपालाला रेल्वेत. इंग्रजांच्या राज्यात ते दर महिन्याला बोटीने मधलं सरोवर ओलांडून घरी यायचे. कुणी कागद विचारत नसे. आधी युगांडा स्वतंत्र झाला, मग सव्वा वर्षाने केनिया. दोन्ही वेळा मथुराबाईंनी वॉर्डभर शिरा वाटला. पुढे नोकरी टिकावी म्हणून रेग्यांनी तिकडचं नागरिकत्व घेतलं, बाईंनी इकडचं. आता अर्धांगवायू होऊन ते तिकडे एकटे पडले होते.

“मग मीच जाते तिकडे.”

“युगांडावाले तुम्हाला घेणार नाहीत. मी स्वतः फोन करून विचारलं.” साहेबांनी अर्ज त्यांच्याकडे परत सरकवला. “माझ्या दोन्ही लेकींची बाळंतपणं तुम्ही केलीत, सिस्टर.”

मथुराबाईंना त्यांच्यावर रागावताही येईना. पूर्वी इंग्रजांना बोल लावता यायचा. आता देश आपला, साहेब आपले, कायदाही आपलाच. त्या उठल्या, आणि कुठे जायचं ते न सुचून पुन्हा खुर्चीत बसल्या.