चार बोटं

"बसणार न्हाय," खोकं उघडायच्या आधीच भाऊसोंनी सांगून टाकलं.

क्रांतीनं बापाकडं न बघता चिकटपट्टी फाडली. आतून जीपचा तयार हूड निघाला. काळा, जाड, मागं पारदर्शक खिडकी, दोन्ही बाजूंना चेनची कापडी दारं. शिवाजी पेठेतल्या त्या बोळात जीप नऊ वर्षं उभी होती, आणि एवढ्या काळात तिच्यावर फाटक्या ताडपत्रीशिवाय काही चढलं नव्हतं.

"मापात शिवलाय कंपनीनं," क्रांती म्हणाली.

"त्यांनी आपली जीप बघितलीया व्हय?"

या जीपवर भाऊसोंनी गगनबावड्याच्या रस्त्याला तीस वर्षं वडाप केलं होतं. गाडी भरल्याशिवाय हलायचं नाही, आणि भरली तरी आणखी दोघं घ्यायचे, असं वडाप. आता सोमवारपासून क्रांती त्याच गगनबावड्याच्या दवाखान्यात नर्स म्हणून रुजू होणार होती. ड्यूटी कधी पहाटेची, कधी रात्रीची. तिनं स्कूटीपलीकडं काही चालवलेलं नव्हतं. तेव्हा आबांनी, म्हणजे भाऊसोंनीच, न्यायचं-आणायचं, हे तिनंच ठरवून टाकलं होतं. भाऊसोंच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डॉक्टरांनी खुशाल चालवा म्हणून सांगितलं, लायसन नवं झालं, मिस्त्रीनं इंजीन सुरू करून दिलं. एकेक करून सगळ्या सबबी संपल्या. उरला होता तेवढा हूड. बावड्याच्या पावसात उघड्या जीपनं पोरीला कोण नेईल?

खरं सांगायचं तर भाऊसो भ्याले होते. नऊ वर्षं स्टिअरिंगला हात नव्हता. धुक्यातलं एखादं वळण झोपेत दिसलं, तरी पाय आपोआप ब्रेक शोधायचा. पण ज्याच्या भरवशावर अख्खी गाडी डुलक्या घ्यायची, त्यानं लेकीपुढं भीती कबूल करायची तरी कशी?

क्रांतीनं हुडाची पुढची कड काचेच्या फ्रेमवर बसवली. मधली पायपाची कमान झाकली. मग मागं जाऊन ओढला, तर मागच्या कमानीवरून उतरलेला हूड बॉडीवरच्या बटणांच्या वर चार बोटं थांबला. तिनं बंपरवर पाय देऊन ओढला. तासभर उन्हात तापवून ओढला. नख मोडलं. चार बोटं काही हटली नाहीत.

भाऊसो कट्ट्यावर तंबाखू मळत बसले होते. दोष हुडाचा नाही, हे त्यांना पहिल्याच ओढीला कळलं होतं. मागं बसणाऱ्या फेटेवाल्यांची डोकी आपटतात म्हणून त्यांनीच कधीकाळी मागची कमान वर उचलून, पायपाला नवं भोक पाडून, बोल्ट मारला होता. तो काढला की कमान आपल्या मूळ जागी. दहा मिनिटांचं काम. पण ते गप्प राहिले. मनातल्या मनात देव पावला होता.

"म्हटलं न्हवतं, बसणार न्हाय?"

क्रांती खाली उतरली आणि हुडाची घडी घालायला लागली. खोक्यात होती तशीच, नीट.

"परत पाठवते," ती म्हणाली. "तिथं दवाखान्यामागं एक खोली रिकामी हाय. तिथंच राहते. सुट्टी मिळंल तशी येत जाईन."

तंबाखूवरचा अंगठा थांबला. ती चिडून बोलली असती, तर भाऊसोंनी वरचढ आवाज काढला असता. पण ती समजुतीनं बोलत होती, म्हणजे ती जाणार हे नक्की होतं. घरात माणसं इनमीन दोन.

त्यांनी तळहात झाडला. "थांब. घडी घालू नगंस. पाना आण."

"कशाला?"

"कमान मीच उचललीया. खाली घ्याय पायजे."

क्रांती बघतच राहिली. "मग मगापासनं बोलला का न्हाईसा?"

तिनं आणलेला पाना भाऊसोंनी हातात घेतला. बोल्टवर डिझेल सोडलं, आणि तिच्याकडं पाठ करूनच म्हणाले, "भ्या वाटतंय गं मला. चालवायचं."

पुढं येऊन तिनं पान्याच्या दांड्यावर त्यांच्या हाताशेजारी हात ठेवला. दोघांनी जोर लावला, तसा गंजका बोल्ट कुरकुरत सुटला. भाऊसोंनी कमान ठोकून खाली बसवली. हूड पुन्हा चढला, आणि या खेपेला शेवटचं बटणसुद्धा टक्कन लागलं.

"बसा आता. दारं लावून बघू," क्रांती म्हणाली.

भाऊसो स्टिअरिंगमागं बसले. तिनं बाहेरून चेन ओढली. ती निम्म्यात अडली. पुन्हा ओढली, पुन्हा अडली. तिनं वाकून पाहिलं. बापाचा उजवा खांदा, उजवी मांडी आणि एक पाय गाडीबाहेर होता. सीटच्या कडेवर जेमतेम टेकून, वडापच्या सवयीनं आतली जागा पाशिंजराला सोडून, भाऊसो अगदी निवांत बसले होते.

"आबा, आत सरका की."

"आतच हाय की."

"अर्धं बाहेर हायसा. बाजूला कोण बसलंय?"

भाऊसोंनी डावीकडं बघितलं. कुणीच नव्हतं. ते जरा ओशाळले. एकदा सरकले, मग आणखी एकदा. स्टिअरिंग छातीसमोर आलं. क्रांतीनं चेन वरपर्यंत लावली आणि वळसा घालून शेजारी येऊन बसली.

भाऊसोंनी दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवले आणि काचेतून समोरच्या बोळाकडं बघितलं.

"तीस वर्सं रस्ता तिरकाच बघितला," ते म्हणाले. "समोरनं बघितला तर सोपा हाय की."