पालकांना घेऊन या

भिवा मास्तर एकोणचाळीस वर्षांचे होते, पण हजेरीपटावर बी.ए.च्या पहिल्या वर्षाचे विद्यार्थी होते. सकाळी जालन्याच्या कॉलेजात शिकायचे आणि दुपारी बदनापूरजवळच्या एका शाळेत शिकवायचे. त्या वर्षी, म्हणजे १९७४ साली, प्राध्यापक तासच घेत नाहीत म्हणून विद्यार्थ्यांनी दोन दिवस वर्गाबाहेर व्हरांड्यात धरणं धरलं. मास्तरही त्यांच्यात बसले. तिसऱ्या दिवशी नोटीस लागली, की वर्गाबाहेर बसलेल्या प्रत्येक विद्यार्थ्यानं पालकांना घेऊन यावं. नोटिशीत वयाची सवलत नव्हती. मास्तरांचे वडील वारले होते, म्हणून ते आईला, चांगुणाबाईला, घेऊन आले.

प्राचार्यांनी तिला बसायला खुर्ची दिली.

"आजी, प्रकरण गंभीर आहे. विद्यार्थ्यांना हक्क असतात, तशा जबाबदाऱ्याही असतात. तुमचा मुलगा दोन दिवस वर्गाच्या बाहेर बसला."

चांगुणाबाईनं आधी मुलाकडं पाहिलं, मग प्राचार्यांकडं.

"बाहीर बसला?"

"हो. व्हरांड्यात."

"दोनच दिवस?"

"दोन दिवस म्हणजे थोडे झाले का, आजी?"

"तसं न्हाई, साहेब. गावच्या शाळेत याला चार वर्सं दाराबाहीरच बसवलं. आमच्या जातीची पोरं तिथंच बसायची. तवा हे गंभीर हाये म्हून मला कुनी बोलावणं धाडलं न्हाई."