बंद करून चालू

अमेरिकेतल्या डुलुथच्या कॉलेजात लिनक्स या संगणक प्रणालीची प्रात्यक्षिक परीक्षा तपासताना हॅल्वर्सन सर आधी प्रत्येकाचा सर्व्हर बंद करून पुन्हा चालू करत आणि त्यानंतर जे शाबूत राहील, त्यालाच गुण देत. सहा वर्षांपूर्वी त्यांची विद्यार्थिनी टोवा हिची तीन तासांची मेहनत अशीच पुसली गेली, कारण केलेले बदल कायमचे करून ठेवायला ती विसरली होती.

"अगं, चालू असलेलं मशीन काय, कुणीही चालवेल!" सर भर वर्गात हसले आणि लाल पेनाने त्यांनी भलंमोठं शून्य काढलं. टोवाचं वर्ष वाया गेलं.

आज सरांच्या वर्गात पोरं नेमकं काय शिकतात, हे तपासायला बाहेरून आलेली परीक्षक टोवाच होती. सरांनी तिला ओळखलंही नाही.

"या, मॅडम! पोरांचे गुण ठरवणारा हा सर्व्हर मी स्वतः उभा केलाय. चार वर्षं झाली, एकदाही बंद केलेला नाही," ते छाती फुगवून म्हणाले.

"वा, सर! मग आता एकदा बंद करून चालू करा ना."



सरांचा हात बटणापर्यंत गेला आणि तसाच मागे आला. टोवाने लाल पेनाचं टोपण काढलं.