सरावाचं पान

"बाई, रंग जमला, पण बटण अजून हलतंय," मिस्त्री म्हणाला.

बाई त्याच्या खुर्चीमागे येऊन उभ्या राहिल्या. कपाळावरचा चष्मा नाकावर ओढला. "कंस उघडलास, तो बंद कोण करणार? तुझी बायको?"

सगळा वर्ग खळखळून हसला. मिस्त्री हसला नाही. त्यानं कंस बंद केला आणि बटण गपगुमान जागेवर बसलं.

बाईंचा वेबसाइट शिकवण्याचा वर्ग लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर होता. खालची यंत्रं फिरायला लागली की वरची टेबलं थरथरत. येणारे बहुतेक जण धंदा बदलायला निघालेले. एक परिचारिका, एक बेकरीवाला, बँकेनं घरी बसवलेले एक गृहस्थ. मिस्त्री लिफ्टदुरुस्तीतला. गुडघ्यानं दगा दिला, तेव्हा त्यानं पाने-पकडी ठेवून दिल्या आणि कीबोर्ड धरला.

बाई हुशारीला फारशी किंमत देत नसत. "रोज बसा," एवढंच त्यांचं म्हणणं. "आठवड्यातून एकदा पोट फुटेस्तोवर जेवून कुणी धडधाकट राहतं का?"

बाकीचे दांड्या मारायचे. मिस्त्री अंगात ताप असला तरी हजर. चुकलं तर चिडायचा नाही, पुन्हा पहिल्यापासून बसायचा. "मी एकदा धरलं की सोडत नाही, बाई," तो म्हणायचा. बाईंना असा विद्यार्थी कधी मिळालाच नव्हता.

पाया पक्का झाल्यावर बाईंनी सांगितलं, "आता स्वतःला मनापासून हवं असेल असं काहीतरी बनवा. जीव लागला की हात शिकतो."

बेकरीवाल्यानं केकची पानं बनवली. मिस्त्रीनं एका बाईचा फोटो चढवला. खाली ओळखीची खूण लिहिली: डाव्या भुवईवर टाक्यांचा वण. वर ठळक अक्षरांत तीन शब्द: ही हरवली आहे.

बाईंना आपला तो विनोद आठवला आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्यांनी त्याला जिन्यात गाठलं.

"अरे, बोलला नाहीस कधी?"

"काय बोलायचं? कामावरून आलो तर घर रिकामं."

"पोलिसांत गेलास ना?"

"गेलो. म्हणाले, मोठी बाई आहे, गेली असेल आपली आपण. कुणाला काय पडलंय!"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांचा स्वतःचा नवरा गेल्या वर्षी हृदयविकारानं गेला होता. तो काही आता परत यायचा नव्हता. पण ज्याचं माणूस परत येऊ शकतं, त्याच्यासाठी हातावर हात धरून कसं बसायचं?

तेव्हापासून वर्ग सुटला तरी ती दोघं बसू लागली. बाईंनी हातचं राखून ठेवलं नाही. 'माहिती द्या' हे बटण कसं करायचं, पान भराभर कसं पसरवायचं, कुठल्या गावातून किती जण ते उघडतात हे कसं बघायचं, सगळं शिकवलं. मिस्त्रीनं कृतज्ञतेनं पानाच्या तळाशी वर्गाचा फोन नंबर टाकला. "तुमच्यामुळे झालं, बाई. लोकांना कळू दे."

एके दिवशी बाईंनाच ते दिसलं. दूरच्या एका लहानशा गावातून कुणीतरी रोज हे पान उघडत होतं. बघायचं, काही न लिहिता बंद करायचं.

"मिस्त्री," बाईंनी त्याला हाक मारली, "रोज कोण बघेल रे? तीच असेल! डोक्याला मार लागून सगळं विसरली असेल, स्वतःचाच चेहरा ओळखू पाहत असेल."

मिस्त्रीनं त्या गावाचं नाव कागदावर उतरवून घेतलं. मग म्हणाला, "पण गाव कळून काय उपयोग? घर कळायला हवं."

युक्ती बाईंनीच काढली. त्या गावातून पान उघडणाऱ्याला फोटोच्या वर एक वेगळी ओळ दिसेल: ही तुमच्याच गावात आहे. ती ओळ मात्र मिस्त्रीनं एकट्यानं लिहिली, एकही चूक न करता. शिकवल्याचं चीज झालं म्हणून बाईंनी त्याची पाठ थोपटली.

त्याच रात्री तिथल्या औषधवाल्याचं उत्तर आलं. ही बाई डोकेदुखीची गोळी न्यायला येते. पाण्याच्या टाकीमागच्या इमारतीत, वरच्या मजल्यावर, मैत्रिणीकडे राहते.

सकाळी मिस्त्री निरोप घ्यायला आला तो दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून. एका कंपनीनं त्याचं हे पान बघून त्याला नोकरीही देऊ केली होती.

"आधी तिला आणतो, मग कामावर रुजू होतो."

"जपून आण रे," बाई म्हणाल्या. "घाबरेल बिचारी."

"तुम्ही काळजी करू नका."

तो दिवस बाईंनी वर्गात मिरवण्यात घालवला. सगळ्यांना मिस्त्रीचं पान दाखवलं, बेकरीवाल्याला चार शब्द सुनावले. "सराव म्हणजे काय, ते बघ जरा!"

दुपारनंतर वर्गाचा फोन वाजला. पलीकडे एका अनोळखी बाईचा आवाज, अगदी हळू.

"ते हरवलेल्या बाईचं पान... खाली तुमचा नंबर आहे."

"हो, हो! बोला ना. तुम्ही पाहिलंय तिला?"

"मीच ती."

बाई खुर्चीतून उठल्याच. "अगं, देव पावला! तुझा नवरा किती..."

"मी हरवले नाही, ताई. पळून आलेय. त्याला किती कळलंय ते बघायला रोज पान उघडते. आज त्यात या गावाचं लिहिलंय. पाया पडते, ते काढून टाका. मागच्या वेळी शेजाऱ्यांनी दार फोडलं म्हणून वाचले. आता सापडले तर तो मला जिवंत सोडणार नाही."

बाईंनी फोन कानाशी धरूनच मिस्त्रीचं पान उघडलं.

"ऐकताय ना, ताई? थांबा हं, बेल वाजली. मैत्रीण आज लवकर आली वाटतं."