होडीचे चार हात

द्वारका पदर खोचून होडीशी उभी होती. शिमगा सरला की धरणकाठच्या या वस्तीतली प्रत्येक होडी चार हातांनी पाण्यात ढकलायची, आणि जिला चार हात मिळणार नाहीत ती भाऊबंदांनी घेऊन जायची, अशी रीत होती. काठावर माणसं बसली होती, पण नवरा बुडालेल्या बाईच्या होडीला हात लावायला एकही उठेना.

“वहिनी, बाई होडीत चढली की मासा तळाला जातो,” धाकटा दीर गेनबा म्हणाला. “होडी मी नेतो. दोन घास तुमच्याही ताटात पडतील.”

“तुमचे घास तुमच्याकडंच राहू द्या, भावजी.”

तेवढ्यात मागं चिखलात पावलं वाजली. पोटचा थोरला पोर गेल्यापासून या पाण्याकडे पाठ करून बसलेली तिची सासू आली आणि तिनं दोन्ही तळवे होडीला टेकवले.

“दोन तुझे, दोन माझे,” म्हातारी म्हणाली. “हं, लाव जोर.”

दुपारी द्वारका एकटीच वल्हवत परतली, तेव्हा होडी भारानं कडेपर्यंत पाण्यात बसली होती आणि तळाशी मरळ मासे अजून उसळ्या मारत होते. ते बघून माणसं होडी ओढायला आपणहून पाण्यात उतरली. गेनबा सगळ्यांच्या पुढे होता.

द्वारकानं वल्हं आडवं धरलं.

“राहू द्या, भावजी. या होडीला चार हात आहेत.”

काठावर म्हातारीनं पदर खोचला.