पातेल्याची मालकीण

“सगळ्यात आधी हे पातेलं रिकामं करा,” वकील म्हणाला. “अन्नखात्याच्या निरीक्षक बाई यायच्या आत.”

म्हातारी पातेल्यासमोर स्टूल टाकून बसली होती. ती हलली नाही. मांडीवर तिने डाव आडवा धरला होता, आणि ज्यांनी या स्वयंपाकघरात काम केलं होतं ते अशा वेळी दोन पावलं लांबूनच बोलत.

खानावळीचं शटर सकाळपासून अर्धं खाली होतं. गल्लीतली निम्मी माणसं पोट धरून दवाखान्यात बसली होती. समोरच्या शिंप्याची लेक तर कालपासून डोळेसुद्धा धड उघडत नव्हती. सगळ्यांनी इथलंच सूप प्यायलं होतं. म्हातारीच्या सासऱ्यांच्या काळापासून हे पातेलं कधी तळापर्यंत रिकामं झालं नव्हतं. रात्री थोडं उरवायचं, सकाळी त्यावरच नवी हाडं, नवं पाणी. आच मंद ठेवायची, पण विझवायची नाही. चव त्या उरलेल्यात असते, असं म्हातारी कोणी न विचारताही सांगायची.

गेल्या आठवड्यात पुतणीचं लग्न निघालं. दोन दिवस शटर बंद, गॅसही बंद. परत आल्यावर म्हातारीच्या मुलाने झाकण उघडून नाक मुरडलं आणि पातेलं मोरीत ओतायला निघाला. म्हातारीने त्याला अडवलं. उकळी आली की सगळं मरतं, म्हणाली. उकळी आली. सगळं काही मेलं नाही.

“कसं आहे,” वकिलाने आवाज मवाळ केला, “नमुनाच हाती लागला नाही, तर त्यांचं प्रकरण ढिलं पडतं. पण दोष कुठेतरी टाकावाच लागतो. भांडी घासणाऱ्या मावशींचं पोट आदल्या दिवसापासून बिघडलेलं होतं. तरी त्या कामाला आल्या, कोणाला बोलल्या नाहीत. एवढं त्यांनी सांगितलं की झालं.”

“माझं पोट बिघडलं नव्हतं,” मोरीपाशी उभ्या असलेल्या मावशी म्हणाल्या.

“ते मला ठाऊक आहे,” वकील म्हणाला. मग आपण काय बोललो ते लक्षात येऊन तो खोकला.

“मावशी, मी तुम्हाला वाऱ्यावर सोडणार नाही,” मुलगा घाईघाईने म्हणाला. “आई, परवाना तुझ्या नावावर आहे. त्या पोरीचं काही बरंवाईट झालं तर तुला आत टाकतील. या वयात?”

माणूस वाईट नव्हता. घाबरला होता, आणि घाबरलेला माणूस हाताशी असलेल्यालाच पुढे ढकलतो. मावशी हाताशी होत्या.

“मावशींचं वय काय कोवळं आहे?” म्हातारी म्हणाली.

मुलाने पातेल्याचा कान धरला. तसा डाव त्याच्या बोटांवर बसला. पन्नाशीचा बाप्या, पण लहानपणी कळवळायचा तसा कळवळला.

“सोड ते. काय खरं नि काय खोटं ते यातच आहे. येऊ दे त्यांना.”

“आजी, तुम्ही आपल्याच पायावर धोंडा पाडून घेताय,” वकील म्हणाला.

“पाय माझाच आहे ना?”

एवढ्यात निरीक्षक बाई शटरखालून वाकून आत आल्या. हातात बरण्यांची पेटी होती. त्यांनी पातेल्याकडे पाहिलं, मग सगळ्यांकडे.

वकील लगबगीने पुढे झाला. “माझ्या अशिलाला सध्या काहीही सांगायचं नाही.”

“अशील मी आहे,” म्हातारी स्टुलावरून उठली, “आणि मला सांगायचंय. बाई, हे पातेलं माझं. दोन दिवस बिनआचेचं पडलं होतं. मुलगा ओतत होता, मी ओतू दिलं नाही. या मावशींचा याच्याशी काही संबंध नाही. त्यांना मी या पातेल्याला कधी हातच लावू दिलेला नाही.”

मुलाने कपाळावर हात मारून घेतला.

“याचा अर्थ काय होतो ते कळतंय ना, आजी?” निरीक्षक बाईंनी विचारलं.

“कळतंय. सकाळी दवाखान्यात जाऊन आले. शिंप्याने मला लेकीपाशी जाऊ दिलं नाही. बरोबर केलं त्याने.” मग तिने झाकण काढलं आणि बाजूला सरकली.

बाईंनी नमुने भरले, बरण्यांना सील लावलं. “उरलेलं फेकून द्या,” म्हणाल्या, “आणि भांडं घासून काढा. मी थांबते.”

मायलेकांनी दोन बाजूंचे कान धरून पातेलं मोरीत कलतं केलं. जन्मात पहिल्यांदा मुलाने त्याचा तळ पाहिला. काळाकुट्ट, बोटभर थर चढलेला. तोंड फिरवून तो सवयीने म्हणाला, “मावशी, घ्या जरा घासायला.”

“मी नाही,” मावशी म्हणाल्या. “उद्या म्हणाल, पुरावा मीच धुतला.”

त्यांनी कमरेचं फडकं सोडून खिळ्याला अडकवलं आणि बाहेर जाऊन गिऱ्हाइकांच्या टेबलाशी, पंख्याखाली, खुर्ची ओढून बसल्या.

वकील निरीक्षक बाईंकडे बघत राहिला. बाई खिडकीबाहेर बघत राहिल्या.

म्हातारीने एक घासणी स्वतः उचलली, दुसरी मुलाच्या हातात दिली.

“बाह्या वर कर,” ती म्हणाली.