चौदावं रीळ

सकाळी तंबूचे दोर सोडताना कुंडलिकचे डोळे चुरचुरत होते. रात्री मशीन चालवायची, सकाळी पेट्या गाडीत भरायच्या आणि पुढच्या गावाला पुन्हा तेच खड्डे खणायचे. विंझरचे तीन दिवस संपले होते. आता वेल्ह्याला जायचं होतं, आणि त्याला कुठंच जावंसं वाटत नव्हतं.

“सिनेमाची मशीन चालवनारं तुमीच का, दादा?”

समोर पन्नाशीची एक बाई उभी होती. काखेत गाठोडं, पायांत वहाणा, म्हणजे गावाला निघालेली. सगुणाबाई तिचं नाव.

“एवढंच सांगा,” ती म्हणाली. “रातच्या सिनेमात खून कुनी केलं?”

कुंडलिकला हसू यायला हवं होतं, पण आलं नाही.

सिनेमा होता दवाखान्यातला. त्यात रोज कुणाचा तरी खून व्हायचा आणि उरलेले रोगी बघणाऱ्यांना पोट धरून हसायला लावायचे. तेराव्या रिळात नऊ नंबरच्या खाटेवरचा म्हातारा, धोतर सोडणार नाही म्हणून हटून बसलेला, ऑपरेशनला नेला जातो. त्याच्या नाकाला गुंगीचं औषध लावतात. दिवे जातात. अंधारात सुरी चमकते.

तिथं रीळ संपायचं. चौदावं पेटीत नव्हतंच. मालकानं तो सिनेमा तसाच तोडका आणला होता. सुरी चमकली की मालक जनरेटर बंद करायचा आणि “इंजिन बिघडलं!” म्हणून ओरडायचा. लोक दोन शिव्या हासडून घरी जायचे. शेवट विचारायला दुसऱ्या दिवशी कोणी आलं, असं आजवर झालं नव्हतं.

“तुमाला कशाला पायजे, मावशी?”

“आमच्या धन्यांच्या पोटात गाठ हाय. पुन्याला मोठ्या दवाखान्यात नेऊन कापून काढायची. आत्ता नऊची यष्टी हाय, आन् ह्ये बसल्यात थांब्यावर अडून. म्हनत्यात, खुनी डाक्टर हाय का दुसरा कोन, त्ये कळल्याबिगर म्या त्या टेबलावर निजत न्हाई.”

“अवं, सिनेमा खोटा असतोय.”

“सांगून सांगून जीभ झिजली माजी.” तिनं गाठोडं या काखेतून त्या काखेत घेतलं. “म्याच नेलं वो त्येंना. जायाच्या आदी चार घटका हसत्याल म्हनलं. हसलं बी लई. त्यो धोतरवाला म्हातारा बघून तर डोळ्यांतनं पानी आलं त्येंच्या. चला की दादा. तुमचं ऐकत्याल.”

कुंडलिकनं हातातला दोर खाली टाकला. नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो.

थांब्यावर तिचा नवरा गेनबा दगडावर बसला होता. स्वच्छ धुतलेलं धोतर, खांद्यावर घोंगडी, आणि एक हात पोटावर. कुंडलिक समोर उभा राहिला तसा तो लगेच म्हणाला, “सांगा. डाक्टरच ना?”

“न्हाई, बाबा. डाक्टर न्हाई.”

“मग?”

कुंडलिकनं तो सिनेमा निदान शंभरदा चालवला होता, पण बघितला असा कधीच नव्हता. रीळ बदलायचं आणि खुर्चीत डुलक्या घ्यायच्या. जो आठवला, त्याचं नाव त्यानं घेतलं. “दूध वाटनारा.”

गेनबानं डोळे बारीक केले. “त्यो तर पयल्या तासातच मेला की.”

लांबून यष्टीचा आवाज यायला लागला होता.

“मेला न्हवता,” कुंडलिक म्हणाला. “सोंग होतं त्ये. मेलेल्यावर कोन संशय घेनार?”

गेनबा विचारात पडला. मग त्यानं हळूच मान हलवली. “म्हंजे दुधातनं इख घालत होता. मला वाटलंच. पांढऱ्या चादरीखाली पाय हलला होता त्याचा.” त्याचा हात पोटावरून खाली आला. “आन् त्यो म्हातारा? नऊ नंबरचा?”

“त्यो उठला.”

“उठला?”

“दिवं आलं. सुरी डाक्टरची न्हवती, दूधवाल्याची होती. धरला त्याला. डाक्टरनं गाठ काढली. म्हातारा सुदीवर आला आन् पयलं काय बोलला ठावं हाय? माजं धोतर कुठाय?”

गेनबा हसला. हसताना कळ आली, म्हणून तोंड वाकडं झालं, तरी हसतच राहिला. यष्टी थांबली तसा तो कुणाचा हात न धरता पायरी चढला.

सगुणाबाई खालीच रेंगाळली. “दादा, खरं सांगा. तुमी बघितलाय का त्यो शेवट?”

खोटं बोलायचं त्राण कुंडलिकमध्ये उरलं नव्हतं. “न्हाई, मावशी. आमच्याकडं त्यो न्हाईच.”

ती रागावली नाही. पदरानं तोंड पुसत म्हणाली, “बरं केलंसा. डाक्टर मला बाजूला घिऊन जे बोलला, त्ये म्या बी ह्यांना असंच बदलून सांगितलंय. चार दिसांत घरी, म्हनलं.”

कंडक्टरनं घंटी ओढली. ती घाईनं वर चढून नवऱ्याशेजारी बसली.

यष्टी हलली तरी गेनबाचा आवाज खिडकीतून येत होता. शेजारच्या, मागच्या, सगळ्यांना तो हात उडवत दूधवाल्याचं सोंग समजावून सांगत होता. कुंडलिक धुळीत उभा राहून ऐकत होता.

“आन् म्हाताऱ्याचं काय झालं वो?” सगुणाबाई नवऱ्याला विचारत होती. “उठला का त्यो?”